पंचावन्न विजय, साठ पराभव : डॉ. जेम्स नेस्मिथ यांची जीवनकथा

संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की मागे वळून पाहण्याचा आणि हिशेब मांडण्याचा मोह कोणालाही होतो. किती कार्यक्रम झाले, किती सभासद वाढले, क्रीडास्पर्धांत किती ढाली आणि चषक मिळाले, याची नोंद स्मरणिकेच्या पानांवर यावी हे रीतीला धरूनच आहे. मंडळाच्या कपाटातील चषकांकडे आम्हीही अभिमानाने पाहतो. परंतु त्यांची मोजदाद चालू असताना एका दूरदेशीच्या माणसाची आठवण आम्हांस राहून राहून येते. या माणसाने जगाला एक नवा खेळ दिला. एका विद्यापीठाच्या संघाचा तो पहिला प्रशिक्षक झाला. आणि त्या विद्यापीठाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात, ज्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभवच अधिक आहेत, असा तो एकमेव प्रशिक्षक ठरला. ज्याने खेळ जन्माला घातला तोच त्या खेळात मागे पडला, ही विसंगती ऐकणाऱ्याला हसू आणते. परंतु तिच्या पोटात शिरून पाहिले, तर शिकवणे म्हणजे काय आणि यश कशाला म्हणावे, याविषयी बराच बोध होतो. त्या बोधासाठीच बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पोरके बालपण

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आँटेरिओ प्रांतात, आल्माँट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे, कष्टाळू आणि धर्मनिष्ठ. १८७० साली विषमज्वराने घराला ग्रासले आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने आई व वडील दोघेही निवर्तले. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास पोरका झालेला हा मुलगा आपल्या भावंडांसह आजोळी वाढला. मामा पीटर यंग शिस्तीचे कडक होते. शेतीची कामे, घोड्यांची देखभाल, लाकूडतोड यांतून पोराची सुटका नसे. एखादे काम अंगावर घेतले की ते दुसऱ्याच्या मदतीवाचून तडीस न्यावे, हा धडा त्यांना येथेच मिळाला.

त्या गावच्या मुलांत एक खेळ लोकप्रिय होता. मोठ्या शिळेवर एक लहान दगड ठेवायचा आणि दुरून आपापले दगड फेकून तो पाडायचा. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असाच तो खेळ. जोराने नेम धरून फेकलेला दगड चुकला तर दूर जाऊन पडे आणि तो आणायला गेलेला गडी पकडला जाई. उलट, हलक्या हाताने, कमानीसारखा उंच सोडलेला दगड चुकला तरी जवळच पडे. शक्तीपेक्षा अलगदपणा सरस ठरतो, हे त्या पोरांना खेळता खेळता उमगले होते. या साध्या अनुभवाला पुढे केवढे फळ येणार होते, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार!

पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि काही वर्षे लाकूडतोड्याचे काम केले. परंतु विद्येची ओढ स्वस्थ बसू देईना. आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसण्याची लाज न बाळगता ते पुन्हा शाळेत गेले, आणि १८८३ साली माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात दाखल झाले. पदवी मिळवल्यावर त्यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी तेथीलच प्रेस्बिटेरियन विद्यालयात अध्ययन केले.

धर्मशास्त्राचा हा विद्यार्थी मैदानावरही तितकाच रमे. रग्बीसारख्या धसमुसळ्या खेळात तो पुढे असे. एकदा तर आदल्या दिवशीच्या सामन्यात काळेनिळे झालेले डोळे घेऊन त्याला उपदेशासाठी उभे राहावे लागले. त्या काळी धर्मनिष्ठ मंडळींना खेळ म्हणजे सैतानाचा सापळा वाटे. तेव्हा सहाध्यायांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, यात नवल नाही. परंतु एका प्रसंगाने त्याच्या मनाला निराळेच वळण दिले. सामन्याच्या भरात एका सोबत्याच्या तोंडून शिवी निसटली. शेजारी नेस्मिथ आहेत हे ध्यानात येताच त्याने आपण होऊन त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथांनी त्याला कधी एका शब्दानेही टोकले नव्हते. व्यासपीठावरील शंभर प्रवचनांनी जे साधत नाही ते मैदानावरील सहवासाने साधते, अशी त्यांची खात्री पटली. १८९० साली ते धर्मपीठाकडे पाठ फिरवून व्यायामशिक्षणाकडे वळले. बहीण ॲनी हिने मात्र हा निर्णय अखेरपर्यंत मनापासून स्वीकारला नाही.

चौदा दिवसांची मुदत

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुणांच्या संघाचे, म्हणजे वाय.एम.सी.ए.चे, कार्यकर्ते घडविणारे विद्यालय होते. नेस्मिथ तेथे प्रथम विद्यार्थी आणि मग शिक्षक झाले. व्यायामविभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक हे कल्पक पुरुष होते. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ पडू लागले की मैदानी खेळ बंद पडत, आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतींना अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग पुरता विटला होता. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला, आणि छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथांनी आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल आणला तर हातपाय मोडण्याची वेळ आली आणि खिडक्या धोक्यात आल्या. लॅक्रॉसची तीच गत झाली. मुदत संपत आली. मग त्यांनी निरनिराळ्या खेळांची मुळाशी जाऊन फोड केली. चेंडू लहान असला की तो मारायला काठी किंवा फळी लागते. तेव्हा चेंडू मोठा आणि हाताने हाताळता येईल असा हवा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडविण्यासाठीच धक्काबुक्की होते. तेव्हा चेंडू घेऊन पळण्यालाच बंदी हवी. लक्ष्य समोर उभे असले की चेंडू सारी ताकद लावून मारला जातो. तेव्हा लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे धरलेले हवे, म्हणजे चेंडू कमानीसारखा उंच आणि अलगदच सोडावा लागेल. आल्माँटच्या शिळेवरील तो दगड येथे कामाला आला.

शाळेच्या रखवालदाराकडे, स्टेबिन्सकडे, त्यांनी दोन खोकी मागितली. त्याच्यापाशी खोकी नव्हती, सप्ताळूंच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि आजही जगभर बास्केटचे कडे दहा फुटांवरच असते. नेस्मिथांनी तेरा नियम लिहून काढले, कार्यालयातील टंकलेखिकेने ते टंकित केले आणि फलकावर लावले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहिले. चेंडू फुटबॉलचाच होता. त्या पहिल्या सामन्यात एकच चेंडू टोपलीत पडला. तो विल्यम चेस याने सुमारे पंचवीस फुटांवरून टाकलेला होता. टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू काढायला शिडी लावावी लागे. फ्रँक महान नावाच्या विद्यार्थ्याने खेळाला शिक्षकाचेच नाव द्यावे असे सुचविले. नेस्मिथांनी ते हसण्यावारी नेले आणि बास्केटबॉल हे साधे नाव कायम झाले.

त्या तेरा नियमांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. गडी धरणे, ढकलणे, खांद्याने रेटणे, पाय अडकविणे, मारणे यांना त्यांत सक्त मनाई आहे. पहिल्या वेळी दोष मानला जाई. दुसऱ्या वेळी गड्याला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रतिपक्ष हा शत्रू म्हणून नव्हताच. चेंडू कसा जिंकावा यापेक्षा मन कसे आवरावे, याची काळजी त्याला अधिक होती.

१५ जानेवारी १८९२ रोजी हे नियम विद्यालयाच्या वृत्तपत्रात छापून आले आणि वाऱ्यासारखे पसरले. मार्चमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांचा जाहीर सामना झाला. त्यात विद्यार्थ्यांनी पाचास एक असा विजय मिळवला. स्त्रियांनीही लवकरच हा खेळ आपलासा केला. आरंभीच्या त्या खेळाडू स्त्रियांपैकी एक, मॉड शर्मन, १८९४ साली नेस्मिथांच्या सहधर्मचारिणी झाल्या. खेळाचे पेटंट घ्यावे, त्यावर द्रव्य मिळवावे, असे नेस्मिथांच्या मनात आले नाही. पुढच्याच वर्षी ते डेन्व्हर येथे गेले. तेथे वाय.एम.सी.ए.चे काम करीत करीत त्यांनी वैद्यकाचा अभ्यास पुरा केला, आणि १८९८ साली ते डॉक्टर झाले.

कॅन्ससची नऊ वर्षे

त्याच वर्षी लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठाला प्रार्थनामंदिराची व्यवस्था पाहणारा आणि व्यायामशिक्षण देणारा असा दुहेरी कामाचा माणूस हवा होता. स्प्रिंगफील्डचे जुने स्नेही आमोस अलाँझो स्टॅग यांनी नेस्मिथांचे नाव सुचविले. स्टॅग हे फुटबॉलचे थोर प्रशिक्षक म्हणून पुढे विख्यात झाले. धर्मशास्त्र, वैद्यक आणि व्यायाम या तिन्ही विद्या एका ठिकाणी असलेला दुसरा माणूस शोधूनही सापडला नसता. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की बास्केटबॉलचा संघ घडविण्यासाठी त्यांना कोणी बोलाविले नव्हते. ते आले आणि त्यांच्यामागून खेळ आला, इतकेच.

३ फेब्रुवारी १८९९ रोजी विद्यापीठाचा संघ पहिला सामना खेळला. प्रतिपक्ष होता कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.चा. कॅन्सस विद्यापीठ सोळास पाच असे हरले. खेळाच्या जनकाचा प्रशिक्षक या नात्याने हा श्रीगणेशा! पुढे डाव सावरला आणि त्या हंगामात सात विजय व चार पराभव अशी नोंद झाली. तळघरातील ठेंगण्या छताची व्यायामशाळा आणि आसपास विद्यापीठांचे फारसे संघ नसल्यामुळे वाय.एम.सी.ए.च्या कसलेल्या गड्यांशी पडणारी गाठ, अशा परिस्थितीत वर्षे चालली. १९०७ पर्यंत नेस्मिथ या संघाचे मुख्य होते. एकूण हिशेब पंचावन्न विजय आणि साठ पराभव असा झाला.

केवळ साधनांच्या अभावाने हे घडले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जिंकण्याची विद्या शिकविणे हे आपले काम आहे, असे नेस्मिथ मानीतच नव्हते. गड्यांनी खेळावे, खेळता खेळता शरीर कमवावे, राग गिळायला शिकावे. डावपेच आखून देणारा माणूस कडेला कशाला हवा, असा त्यांचा विचार होता. आपल्याच संघाच्या सामन्यात ते कित्येकदा पंचाच्या जागी उभे राहत. खुद्द त्यांना कुस्ती आणि तलवारबाजी अधिक प्रिय होती, आणि बास्केटबॉल तर ते सबंध आयुष्यात दोनदाच खेळले. नव्या विद्यार्थ्यांची शरीरे मोजावी, कोणाची छाती अरुंद, कोणाचा पाठीचा कणा वाकडा, हे पाहून त्याला अनुरूप व्यायाम द्यावा, यात त्यांचा दिवस जाई. ज्यांना संघात कधीच जागा मिळाली नसती अशा दुबळ्या मुलांकडे त्यांचे लक्ष अधिक असे. त्या कामाचे गुण कोणत्या फलकावर लागणार!

गुरू आणि शिष्य

त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन नावाचा एक तरतरीत तरुण खेळे. भारदस्त आवाजामुळे पुढे लोक त्याला फॉग ॲलन म्हणू लागले. जवळच्या बेकर विद्यापीठाने या तरुणाला प्रशिक्षक म्हणून बोलाविले. ही वार्ता कळताच नेस्मिथांना हसू आले. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्यांनी शिष्याला समजावले. शिष्याला ते पटले नाही. खेळाचा अभ्यास होऊ शकतो, चूक दाखवून सुधारता येते, पाच जणांना एका मनाने हलायला शिकविता येते, असे त्याचे मत होते. १९०७ साली कॅन्ससच्या संघाची सूत्रे गुरूकडून शिष्याकडे आली. मध्यंतरी ॲलन यांनी ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे व स्नायू चोळून-हाताळून बरे करण्याच्या विद्येचे, शिक्षण घेतले. १९१९ साली ते परतले आणि १९५६ पर्यंत त्या जागी राहिले. कॅन्ससच्या संघाला त्यांनी एकंदर ५९० विजय मिळवून दिले. प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९२७ साली स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता.

ॲलन यांच्या तालमीत तयार झालेला ॲडॉल्फ रप केंटकी विद्यापीठात चार दशके राहिला आणि ८७६ सामने जिंकून गेला. दुसरा शिष्य डीन स्मिथ याने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ८७९ विजयांची नोंद केली. ज्या वंशाचा मूळपुरुष पंचावन्नावर थांबला, त्याच्या नातवंडांनी आठशेंची मजल मारली.

येथे नेस्मिथांचे चुकले, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. खेळ शिकविता येतो. तो शिकविल्याने अधिक देखणा होतो, आणि लक्षावधी लोकांना आनंद देतो. हे ॲलन यांनी सिद्ध केले. परंतु नेस्मिथांच्या मनातली भीतीही पोकळ नव्हती. विजय हेच एकदा ध्येय ठरले की खेळाडू हे त्याचे साधन होऊन बसतात. ज्यांच्याकडून विजय मिळण्याजोगा नाही त्यांना दार बंद होते. महाविद्यालयीन खेळांत पुढे पैसा शिरला आणि सामन्यांचे निकाल विकले गेल्याची लाजिरवाणी प्रकरणे १९५१ साली अमेरिकेत उघडकीस आली. तेव्हा अनेकांना या जुन्या डॉक्टरांची आठवण झाली असेल. गुरुशिष्यांचा स्नेह मात्र या मतभेदाने कधी आटला नाही, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह आहे.

दाराबाहेर राहिलेला विद्यार्थी

पहिल्या महायुद्धाच्या काळात नेस्मिथ स्वस्थ बसले नाहीत. १९१६ साली कॅन्ससच्या पलटणीबरोबर धर्मोपदेशक म्हणून ते मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. पुढे पन्नाशी उलटलेली असताना फ्रान्समध्ये जाऊन वाय.एम.सी.ए.तर्फे त्यांनी सैनिकांमध्ये आरोग्यशिक्षणाचे काम केले. तेथून परतल्यावर पुन्हा तेच विद्यापीठ, तेच वर्ग. १९२५ साली ते रीतसर अमेरिकेचे नागरिक झाले.

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण या विद्यापीठात आला. त्याला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचे होते. परंतु विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. वडिलांनी मुलाला सांगून ठेवले होते, की थेट डॉक्टर नेस्मिथांकडे जा आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असे सांग. मुलाने तसेच केले, आणि सत्तरी ओलांडलेल्या या गुरूने त्याला पदरात घेतले. व्यायामशिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते. मॅक्लेंडन तलावात उतरला तेव्हा नंतर सारे पाणी सोडून देण्यात आले. त्या अपमानाच्या काळात नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ साली ती पदवी मिळविणारा तो त्या विद्यापीठातील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला.

संघाचे दार मात्र त्याच्यासाठी उघडले नाही. ज्या खेळाचा जनक आपला शिक्षक, तो खेळ आपल्याच विद्यापीठाकडून खेळण्याची मुभा या विद्यार्थ्याला नव्हती. आणि ती मिळवून देण्याचे सामर्थ्य जनकापाशीही नव्हते. चरित्रनायकाच्या थोरवीसाठी ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. नेस्मिथांना जे करता आले ते एवढेच, की त्यांनी आपल्याजवळचे सारे ज्ञान हातचे न राखता त्याला दिले.

त्या ज्ञानाचे पुढे काय झाले ते पाहावे. मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा प्रशिक्षक झाला. मैदानाची सबंध लांबी वापरणारा, वेगवान चढाईचा खेळ त्याने विकसित केला. १२ मार्च १९४४ रोजी, वंशभेदाचे कायदे जारी असताना, त्याच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गौरवर्णीय संघाशी बंद दारांआड गुपचूप सामना केला आणि अठ्ठ्याऐंशीस चव्वेचाळीस असा जिंकला. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे टेनेसी येथील त्याच्या संघाने छोट्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९६६ साली क्लीव्हलंड येथे, मुख्यतः गौरवर्णीयांच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. नेस्मिथांच्या पंचावन्न विजयांत यांतला एकही धरलेला नाही.

बर्लिनचा पाऊस

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्यासाठी ॲलन यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती. वृद्ध गुरूने तो सोहळा डोळ्यांनी पाहावा म्हणून प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक सेंट जमविला आणि त्या पै-पैच्या पुंजीतून नेस्मिथ बर्लिनला गेले. पत्नी आजारी असल्याने त्यांना एकट्यालाच जावे लागले. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी स्वतः उडविला. अठरा नाठाळ विद्यार्थ्यांसाठी रचलेला खेळ खेळायला एकवीस देशांचे संघ तेथे जमले होते.

अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी उघड्या मैदानावर, धो-धो पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने तो एकोणीसास आठ असा जिंकला. समोर होता कॅनडा, म्हणजे नेस्मिथांची जन्मभूमी. एका बाजूला जन्मदात्री, दुसऱ्या बाजूला पोसणारी. विजेत्यांना पदके देताना त्या वृद्धाच्या मनात काय दाटले असेल, हे दोन मुलुखांत आयुष्य वाटले गेलेल्या आपल्यासारख्यांनी सहज ओळखावे.

त्याच पावसाने आपल्या हॉकी संघाचा अंतिम सामना एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीवर आठास एक असा विजय मिळवला. आणखी एक योग मराठी वाचकांनी विसरू नये असा आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी बर्लिनला गेले होते आणि त्याने कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. हुतूतूची नियमावली बांधणारी आपली वडील मंडळी आणि टोपलीच्या खेळाचे नियम लिहिणारे हे डॉक्टर एकाच ध्यासाने पछाडलेले होते. साधने थोडी असोत, पण पोरे खेळली पाहिजेत, हाच तो ध्यास.

आपल्या देशात बास्केटबॉल रुजविण्याचे श्रेयही त्याच स्प्रिंगफील्डच्या परंपरेकडे जाते. तेथे शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तेथून तयार झालेल्या शिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांतून नेला. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट वस्तीत तो इतका रुजला, की तेथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार निपजला.

हिशेब

बर्लिनहून परतल्यावर नेस्मिथांच्या वाट्याला फार दिवस आले नाहीत. मार्च १९३७ मध्ये पत्नी निवर्तल्या. त्याच वर्षी ते विद्यापीठातून निवृत्त झाले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. खेळाच्या उगमाविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ त्यांच्या पश्चात १९४१ साली प्रसिद्ध झाला. मागे त्यांनी संपत्ती ठेवली नव्हती. मात्र १८९१ साली फलकावर लावलेले ते दोन टंकित कागद डिसेंबर २०१० मध्ये लिलावात निघाले, तेव्हा त्यांना त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. लिहिणाऱ्याने ते विकायला म्हणून लिहिलेच नव्हते.

कॅन्सस विद्यापीठाचे भव्य क्रीडागृह १९५५ साली उभे राहिले. त्याला फॉग ॲलन यांचे नाव आहे, आणि आतील खेळाच्या जमिनीला नेस्मिथांचे. इमारत शिष्याची, भूमी गुरूची. यापेक्षा समर्पक वाटणी आम्हांस सुचत नाही. भिंती लोकांना दुरून दिसतात. जमीन कोणी पाहत नाही, पण प्रत्येक गड्याचे पाऊल पडते ते तिच्यावरच.

आपल्या मंडळाचीही भूमी अशाच काही माणसांनी तयार केली. परक्या प्रांतात, भाड्याच्या खोलीत, रविवारी सकाळी चार मुलांना जमवून लेझीम शिकविणारे, मराठी बाराखडी गिरवून घेणारे, स्पर्धेत हरलेल्या मुलाला पाठीवर हात ठेवून घरी पोहोचविणारे ते लोक. त्यांपैकी कित्येकांच्या नावावर एकही चषक नाही. कपाटातले चषक मोजून झाले असतील, तर त्यांचीही एकदा मोजदाद करावी. पंचावन्न आणि साठ हे आकडे खरेच आहेत. परंतु शिक्षकाच्या कमाईचा मोठा भाग दुसऱ्यांच्याच खात्यावर जमा होत असतो. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी नेस्मिथांचे स्मरण करावेसे आम्हांस वाटले, ते याचसाठी.